बिनगोटीची शिट्टी

नवं पिल्लू घेऊन माणसं मास्तरांकडे यायची तेव्हा बहुतेक वेळा पिल्लापेक्षा पिशवीच मोठी असायची. पिशवीत काय नसायचं! आतून काटे असलेला पट्टा, ओढली की आवळत जाणारी साखळी, बटण दाबलं की सुर्रकन आत जाणारी दोरी, चामड्याचं मुसकं, रबरी हाड, दाबली की किंचाळणारी रबरी कोंबडी. मास्तर ती पिशवी अंगणातल्या बाकावर पालथी करायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि एकेक वस्तू उचलून परत पिशवीत टाकायला लागायचे.

"मास्तर, हा पट्टा बाहेरून मागवलाय हो," एखादा कळवळून म्हणायचा.

"असू दे. दीड वितीचा जीव, आणि त्याच्या गळ्यात हे जोखड! नाकापेक्षा मोती जड."

शेवटी बाकावर उरायचा एक साधा रुंद पट्टा, ज्याच्या आत दोन बोटं सरकतील एवढाच सैल. वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढ्या लांबीची सुती दोरी. सुतीच, कारण नायलॉनच्या दोरीला कुत्र्यानं हिसका दिला की तळव्याची साल निघते. कमरेला बांधायची, खाऊच्या तुकड्यांची कापडी पिशवी. आणि मोकळ्या मैदानासाठी वीस हात लांब दोरी, तीसुद्धा पिल्लू जरा मोठं झाल्यावर. एवढंच.

मग मास्तर पट्टा स्वतःच्या मनगटात अडकवायचे, दोरीचं दुसरं टोक मालकाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "आता मी कुत्रा. चला फिरायला."

भलेभले लाजायचे. एकदा बँकेतले मोठे साहेब आले होते. चार पावलं चालले आणि मास्तर एकदम झाडाकडे वळले. साहेबांनी असा काही झटका दिला की मास्तर कोलमडता कोलमडता वाचले. कुंपणाशी उभी असलेली मंडळी पोट धरून हसली.

"पाहिलंत?" मास्तर मनगट चोळत म्हणाले. "मी नुसतं झाड हुंगायला गेलो, तर तुमचा हात रागावला. सामान घ्यायचं ते कुत्र्याकडे बघून नाही, ज्याच्या हातात राहणार त्याच्याकडे बघून घ्यायचं."

आणि तुम्ही स्वतः काय वापरता, असं कुणी विचारलं की मास्तर दोन बोटं गळ्यावर ठेवायचे. "माझं सामान हे."

ती बढाई नव्हती. एका कारखान्याच्या सुरक्षा पथकात त्यांनी सव्वीस वर्षं कुत्री सांभाळली होती, आणि निवृत्त झाल्यावर घरामागच्या मैदानावर शिकवणी उघडली होती. त्यांचा आवाज मोठा नव्हता. खालच्या पट्टीतला, भरदार, घाई नसलेला. मैदानाच्या पार पलीकडं मांजरामागं लागलेलं कुत्रं त्या आवाजानं असं मागं वळायचं, जसं कुणी खांद्यावर हात ठेवला असावा.

"कुत्र्यांशी बोलताना मध, आणि घरात बोलताना मीठसुद्धा नाही," मास्तरांची बायको म्हणायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला ते मैदान सगळं दिसायचं. छत्तीस वर्षांच्या संसारात तिनं एकाही कुत्र्याला मांडीवर घेतलं नव्हतं, पण एकाचंही पाणी चुकवलं नव्हतं.

काजळ आली ती दोन वर्षांपूर्वी. मध्यम चणीची, मातकट रंगाची, डोळ्यांभोवती काळी कड असलेली कुत्री. तीन घरांनी तिला पाळलं आणि तीनही घरांनी सोडलं. खोड एकच. फिरणारं चाक दिसलं की तिच्या अंगात यायचं. सायकल असो, ट्रक असो, बाण सुटावा तशी सुटायची. तिसऱ्या घरच्या बाई रडतरडत मास्तरांकडे आल्या आणि दोरी त्यांच्या हातात देऊन मागं न बघता निघून गेल्या.

मैदानाच्या टोकाला मोठा रस्ता होता. दिवसभर ट्रक जायचे.

"हिला इथं ठेवणार? या रस्त्यापाशी?" बायकोनं विचारलं. "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच."

"शेपूट राहू दे वाकडं. पाय थांबले की पुरे."

आठ महिने लागले. वीस हातांची दोरी, कोंबडीचे उकडलेले तुकडे, आणि एकच शब्द: थांब. आधी उभ्या सायकलीसमोर, मग ढकलत नेलेल्या, मग चालत्या. आठ महिन्यांनी एका सकाळी दोरी नसताना काजळ ट्रकच्या दिशेनं सुटली, मास्तर म्हणाले, "थांब," आणि ती धावता धावता पाय रोवून जागच्या जागी बसली. धूळ उडाली. ट्रक निघून गेला.

फक्त मास्तरांच्या 'थांब'ला मात्र. बायकोनं एकदा खिडकीतून तोच शब्द दिला तर काजळ ढिम्म.

"म्हणजे माझ्या थांबाला काही किंमतच नाही?"

"तुझ्या थांबात 'हात धुवून घ्या' पण असतं, 'दूध उतू जातंय' पण असतं. तिला एवढं कळत नाही गं."

पुढच्या हिवाळ्यात मास्तरांचा आवाज बसला. मिठाच्या गुळण्या झाल्या, मध झाला, वाफारे झाले. आवाज बसला तो उठेना. चार महिने त्यांनी तसेच काढले आणि शेवटी बायकोनं ओढत नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नळी घालून बघितलं, तपासण्या केल्या आणि आठवड्यानं दोघांना समोर बसवलं. त्या लेकीच्याच वयाच्या होत्या. सांगताना डोळे चुकवले नाहीत.

गाठ स्वरयंत्रावर होती. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार होतं. मानेला पुढून एक भोक ठेवतील, श्वास तिथून चालेल. जेवण तोंडानं, पहिल्यासारखं. बोलणं मात्र नाही. पुढंमागं गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, पण ते भुंग्यासारखं गुणगुणतं.

"श्वासाला त्रास नाही ना होणार?" मास्तरांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"श्वास उत्तम घ्याल. अठरा दिवसांनी तारीख देते. आणि काका, या अठरा दिवसांत बोलून घ्या. जे बोलायचं असेल, ज्यांच्याशी बोलायचं असेल. फोनवर रेकॉर्ड करून ठेवा."

परतताना रिक्षात बायकोनं त्यांचा हात घट्ट धरला होता. ती वाट बघत होती. मास्तर बाहेर बघत म्हणाले, "काजळचं काय करायचं?"

तिनं हात सोडला.

पण मास्तरांच्या डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं. काजळला या जगात बांधून ठेवणारी एकच वस्तू होती आणि ती त्यांच्या गळ्यातून कापून काढणार होते. त्यानंतर काजळ कायमची साखळीला, नाहीतर चौथ्या घरी, नाहीतर चाकाखाली. आणि साखळीला बांधलेल्या कुत्र्याला मास्तर कुत्रं म्हणतच नसत.

दुसऱ्या दिवशी ते भाऊंच्या दुकानात गेले. बाजाराच्या कोपऱ्यावर भाऊंचं पाळीव जनावरांच्या सामानाचं दुकान होतं. भाऊंना सगळे भाऊच म्हणायचे, त्यांची आईसुद्धा. मास्तरांनी लोकांच्या पिशवीतून बाद केलेलं सामान गेली पंधरा वर्षं भाऊंनाच परत घ्यावं लागत होतं. त्यामुळे दोघांचं सख्य विळ्याभोपळ्याचं होतं, पण रोजच्या चहाचं होतं.

"या. आज कुणाचं काय परत आणलंत?"

"आज घ्यायला आलोय."

भाऊंनी कप खाली ठेवला. मास्तरांनी चार वाक्यांत सगळं सांगितलं. ऐकून भाऊ उठले आणि फळीवरून एकेक वस्तू काढायला लागले.

आधी क्लिकर निघाला. मुठीत मावणारा, दाबला की टिक करणारा.

"हा 'बरोबर' एवढंच सांगतो," मास्तर म्हणाले. "'थांब' कसं सांगणार? आणि पन्नास पावलांवर ऐकूही येत नाही."

"हातवारे?"

"ती माझ्याकडे बघत असेल तर. पाठ फिरवून धावणाऱ्याला हात दिसतो का? दिवाही तसाच."

भाऊंनी हातात धरायची घंटा काढली. मास्तरांनी ती घेऊन दुकानात दोन पावलं टाकली, आणि घंटा आपली आपणच किणकिणली. "ही बघा. चालताना मध्येच बोलावते. खोटारडं सामान. दोनदा खोटं बोलली की कुत्रं तिसऱ्यांदा मान वळवत नाही."

"मग तो धक्क्याचा पट्टा... बटण दाबलं की गळ्याला जरासा..."

"आधी तुमच्या गळ्यात बांधून बघू का?"

भाऊंनी तो खोका न उघडताच परत ठेवला आणि शिट्ट्यांचा ट्रे काढला. पितळेची होती, तिच्यात गोटी. मास्तरांनी ती नाकारली. गोटी थुंकीनं ओली झाली की अडकते, आणि नेमकी गरजेच्या वेळी शिट्टी मुकी होते. शिंगाची सुंदर होती, पण तशी दुसरी जगात मिळणार नाही. एक होती फक्त कुत्र्यालाच ऐकू येणारी.

"वाजली की नाही ते मला कोण सांगणार? कुत्रं?"

सरतेशेवटी राहिली ती काळी, प्लास्टिकची, बोटाच्या पेराएवढी, बिनगोटीची. तिच्यावर एक नंबर कोरलेला होता. "या नंबरच्या सगळ्या एकाच सुरात वाजतात," भाऊ म्हणाले. "हरवली तर दुसरी घ्या. कुत्र्याला फरक कळणार नाही."

मास्तरांनी ती ओठांत धरली आणि फुंकली. बारीक, स्वच्छ, लांबलचक सूर. दुकानाबाहेर झोपलेल्या रस्त्यावरच्या कुत्र्यानं डोकं उचललं. मास्तरांच्या चेहऱ्यावर आठ दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

"आवाज गेला तर जाऊ दे, भाऊ. श्वास कुठे जातोय? शिट्टीला श्वास पुरतो."

"अगदी बरोबर," भाऊ म्हणाले, आणि त्यांनी एकाच नंबरच्या दोन शिट्ट्या पुडीत बांधल्या.

कुत्र्याला जुनी खूण सोडवून नवी लावायची तर एक नियम असतो. नवी आधी, जुनी मागून. आधी शिट्टी, मग शब्द. उलटं केलं तर कुत्रं शब्दावरच काम उरकतं आणि शिट्टी ऐकतच नाही. मास्तरांनी एक लांब शिट्टी 'थांब'साठी ठरवली आणि तीन आखूड 'ये'साठी. फुर्रर्र, थांब. फुर्र फुर्र फुर्र, ये. शाबास. सकाळी तीस वेळा, संध्याकाळी तीस वेळा. स्वयंपाकघराच्या खिडकीत भांडी घासता घासता बायकोला तो क्रम पाठ झाला.

"लेकीचा फोन आला होता," ती सांगायची. "नातीसाठी काहीतरी रेकॉर्ड करा म्हणते. एखादी गोष्ट तरी."

"करतो उद्या."

"भाचे भेटायला यायचं म्हणतात."

"रविवारी येऊ देत. सकाळी नको. सकाळी काजळ."

"कानामागून आली आणि तिखट झाली," ती पुटपुटायची, आणि पाण्याचं भांडं काजळसमोर जरा आपटूनच ठेवायची.

दहाव्या दिवसापासून मास्तर शब्द बारीक करत गेले. आधी नेहमीच्या आवाजात, मग हळू, मग नुसता ओठांतल्या ओठांत. शिट्टीमागचा शब्द असाच विरघळवायचा असतो, कुत्र्याला तो गेल्याचं कळू न देता. डॉक्टरीणबाई काढून घेणार होत्या ती वस्तू मास्तर आपल्या हातानंच रोज थोडी थोडी कमी करत होते. पंधराव्या दिवशी त्यांनी लांब दोरी सोडली. सोळाव्या दिवशी रस्त्यावरून दोन ट्रक आणि एक मोटरसायकल गेली, काजळ तीनदा सुटली आणि तीनदा शिट्टीवर पाय रोवून बसली. एकाही शब्दाशिवाय.

ते घरी आले तेव्हा त्यांचं तोंड उजळलं होतं. जेवताना बायको म्हणाली, "सकाळपासून एक शब्द बोलला नाहीत. दोन दिवस उरलेत, त्यातला अर्धा तुम्ही फुंकून घालवलात."

मास्तरांचा घास हातातच राहिला. त्यांना खरंच सुचलं नव्हतं.

त्या दुपारी ते फोन समोर ठेवून बसले. नातीसाठी गोष्ट आठवेना. शेवटी त्यांनी सांगितलं ते असं: "बाळा, अनोळखी कुत्रं समोर आलं तर पळायचं नाही. हात खाली सोडायचे. त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. ते हुंगेल, हुंगू द्यायचं. भीती वाटली तरी उभं राहायचं." मग खोकल्याची उबळ आली आणि ते संपलं.

"छान झालं," बायको म्हणाली. दाराच्या चौकटीला टेकून ती ऐकत होती. "आणि मला?"

"तुला काय?"

"काही नाही."

शस्त्रक्रियेच्या सकाळी चाकांच्या खाटेवरून नेताना ती बरोबरीनं चालत होती. दारापाशी खाट क्षणभर थांबली. आता काहीतरी बोलायचं आहे हे मास्तरांना कळत होतं. ते म्हणाले, "मागच्या दाराची कडी लावलीस ना?"

"लावली," ती म्हणाली.

दार बंद झालं.

इस्पितळात तीन आठवडे गेले. मानेला पुढून भोक, त्यावर पातळ फडकं. उशीपाशी वही आणि पेन्सिल. पहिल्या आठवड्यात मास्तरांनी लिहिलं, 'आता भांडणात तूच जिंकणार.' बायको म्हणाली, "आधी कोण जिंकत होतं?" आणि बाहेर जाऊन बराच वेळ आली नाही. रोज ते लिहायचे, 'काजळ?' भाऊंनी काजळला आपल्याकडे नेलं होतं. "खातेय," ती सांगायची. "दारापाशी बसून असते, पण खातेय."

घरी आले त्या दिवशी भाऊ तिला घेऊन आले. काजळ अंगभर वळवळली, मास्तरांचे हात चाटले, मानेवरचं फडकं हुंगून तिला शिंक आली. मग ती बसली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मनात ते खुशीत होते; शब्द नसला तरी शिट्टी होती. पाच दिवसांनी हातापायांत जोर आला, तसे ते मैदानावर निघाले. एकटं जायचं नाही असं डॉक्टरीणबाईंचं बजावणं होतं, म्हणून बायको बरोबर आली, भाजी शिजत टाकून, कुरकुरत.

काजळला त्यांनी वीस हातांच्या दोरीवर सोडलं. कमरेला खाऊची पिशवी बांधलेली होती. ती दहा पावलं पुढं गेली, तशी त्यांनी शिट्टी ओठांत धरली, छाती भरून घेतली आणि फुंकली.

मानेवरचं फडकं फडफडलं. शिट्टी वाजली नाही.

त्यांनी ती काढून झटकली. कचरा अडकला असेल. खिशातून दुसरी काढली, भाऊंनी बांधून दिलेली तसलीच. फुंकली. फडकं पुन्हा उडालं. गाल फुगवून, तोंडात होती तेवढी हवा त्यांनी दाबून बाहेर लोटली, तेव्हा शिट्टीतून फुस्स असा काहीतरी आवाज आला. काजळचा कानसुद्धा हलला नाही.

"काय झालं?" बायकोनं विचारलं. "बिघडली का?"

मास्तर उभेच राहिले. छाती भरत होती, रिकामी होत होती, भरत होती. श्वास उत्तम चालला होता. पण तो आता तोंडाच्या वाटेनं जातच नव्हता, आणि पुन्हा कधी जाणारही नव्हता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. इतकी साधी गोष्ट. कुत्र्याची धाप दुरून बघून त्याला किती वेळ पळवायचं ते सांगणाऱ्या माणसाला स्वतःचा श्वास कुठून निघणार हे कळलं नव्हतं. अठरा दिवस. होते तेवढे शब्द. सगळे या शिट्टीत घातले होते.

मग त्यांनी जे केलं ते बायको नंतर कुणालाच सांगू शकली नाही, लेकीलासुद्धा. त्यांनी फडकं बाजूला सारलं आणि शिट्टीचं टोक मानेच्या त्या भोकावर धरलं.

"अहो! अहो, काय करताय, वेड लागलंय का!" तिनं धावत येऊन त्यांचा हात ओढला आणि शिट्टी हिसकावून घेतली. त्यांना खोकल्याची अशी जबरदस्त उबळ आली की ते गुडघ्यांवर हात टेकून वाकले, आणि त्या गडबडीत दोरी त्यांच्या हातातून सुटली.

रस्त्यावर ट्रकचा आवाज आला. काजळनं मान वर केली.

सुटली.

मास्तरांनी तोंड उघडलं. 'थांब.' जीभ हलली, ओठ हलले, चाळीस वर्षांची सवय होती तशी छाती पुढं आली. काहीच निघालं नाही. "थांब! अगं काजळ, थांब!" बायको जिवाच्या आकांतानं ओरडली. काजळ ढिम्म. दोरी तिच्यामागं गवतातून सापासारखी सळसळत चालली होती. आणि मग बायकोला आपल्या मुठीत काय आहे ते कळलं. तिनं शिट्टी तोंडात घातली, उलटी गेली, सुलटी केली, आणि डोळे मिटून श्वास संपेपर्यंत फुंकली.

काजळ पाय रोवून बसली. रस्ता दहा हातांवर होता. ट्रक धडधडत गेला, त्याच्या वाऱ्यानं तिचे कान मागं गेले.

मास्तरांनी बायकोच्या दंडाला हात लावला आणि तीन बोटं दाखवली. तिला सांगावं लागलं नाही. फुर्र फुर्र फुर्र.

काजळ उठली आणि पळत आली. कान पाडून, जीभ बाहेर काढून, सरळ रेषेत. मास्तर नकळत खाली वाकले होते, हात पसरून. ती त्यांच्या कोपराला घासून पलीकडं गेली आणि बायकोच्या पायांसमोर ताठ बसली. मान वर करून तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"अगं बाई," बायको म्हणाली. "मी नाही, मी नाही. तिकडं बघ. ते बघ ना कोण आहेत."

काजळ तिच्याकडेच बघत होती. तिला खाऊ मिळायचा होता.

मास्तरांचा हात पिशवीत गेला. कोंबडीचा तुकडा बोटांत आला. आत्ता तिच्या नाकापुढं धरला असता तर ती वळली असती, चाटली असती, आपली झाली असती, घटकाभर. शेकडो मालकांना त्यांनी हे याच मैदानावर दमात घेऊन सांगितलं होतं: बोलावलं ज्यानं, खाऊ त्यानंच द्यायचा. बोलावणारा एक आणि देणारा दुसरा झाला की कुत्र्याचा पाया डळमळतो. मग एखाद्या दिवशी ते रस्त्याच्या कडेला दोन घटका विचार करत उभं राहतं, कुणाचं ऐकू.

त्यांनी तुकडा परत पिशवीत टाकला. पिशवीची गाठ सोडली. बायकोच्या मागं जाऊन ती तिच्या कमरेला बांधायला लागले.

"नको हो," ती म्हणाली. तिला रडू फुटलं होतं. "तुम्ही द्या ना. तुमचीच आहे ती. मला काय करायचंय कुत्रं!"

मास्तरांनी मान हलवली आणि गाठ घट्ट केली. मग तिचा हात धरून पिशवीत घातला.

भाऊंना हे कळलं. "माझ्याही डोक्यात आलं नाही," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "मीसुद्धा 'अगदी बरोबर' म्हटलं." चार दिवसांनी ते रबरी फुगा लावलेली शिट्टी शोधून घेऊन आले. फुगा हातानं दाबायचा, श्वास लागत नाही. मास्तरांनी दाबून बघितली. वाजली, पण सूर वेगळा, जाडसर. ओसरीवर झोपलेल्या काजळनं डोळाही उघडला नाही.

"तिला शिकवू ना," भाऊ म्हणाले. "तुम्हीच सांगता, नवी आधी, जुनी मागून. वहिनी मागून वाजवतील. महिन्याभरात पुन्हा तुमची होईल."

मास्तरांनी वही घेतली आणि बराच वेळ लिहीत बसले. भाऊंनी मोठ्यानं वाचलं: 'तिला तीन घरांनी तीन तऱ्हेनं हाका मारल्या. मी चौथी लावली. मग मीच ती काढून पाचवी लावली. आता सहावी लावली तर ती कुठल्याच हाकेवर विश्वास ठेवणार नाही. रस्ता जवळ आहे. नको.'

खाली वेगळ्या ओळीवर लिहिलं होतं: 'ही शिट्टी परत घ्या.'

"हो," भाऊ म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

आता सकाळी तिघं मैदानावर जातात. बायको पुढं, कमरेला पिशवी, गळ्यात दोऱ्याला शिट्टी. सुरुवातीला ती फार लवकर फुंकायची, फार जोरात फुंकायची, आणि खाऊ देताना बोटं आखडून घ्यायची. मास्तर तिच्या डाव्या अंगाला जरा मागं उभे राहतात. चुकली की तिच्या खांद्यावर बोटानं टकटक करतात, वहीत दोन शब्द लिहून दाखवतात. 'उशिरा.' 'हात खाली.' शिकवणीला येणारी माणसं थांबलीच होती, त्यातली दोघं-तिघं परत येऊ लागली आहेत. मास्तर पिशवीतलं सामान काढून ठेवतात आणि का ते बायको सांगते, आपल्या मनानं दोन टोमणे जास्तीचे घालून.

"जमतंय का हो मला?" ती विचारते.

ते मान डोलावतात. खरंच जमतंय. काजळ आता लांबून, दोन ट्रकांच्या मधूनही तिच्या शिट्टीला वळते.

ती धावत येते, बायकोसमोर बसते, तुकडा घेते. त्या वेळी मास्तरांचे ओठ हलतात. 'शाबास.' रोज, दर वेळी. बायकोला ते दिसत नाही, कारण ते मागं असतात. काजळची नजर वर, शिट्टीवर असते.